अंबूची बरणी

१७ जून १९५८

बरणी सापडली एकदाची. फडताळाच्या खालच्या खणात, पापडाच्या डब्यामागे! अख्खी सकाळ गेली शोधण्यात. बत्तीस वर्षं संसार केला आणि मीठ कुठे असतं तेसुद्धा मला सुनेला विचारावं लागतं. हिरकणीला या घरात येऊन दोन वर्षं नाही झाली, तिला सगळं ठाऊक. मला माझ्या पंच्याचीही जागा माहीत नाही.

अंबूला जाऊन आज दहा दिवस झाले.

हा मसाला तिने एप्रिलात कांडला. पाठ धरली होती, तरी मुसळ दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. मिरच्या, धणे, मिरी, दगडफूल — सगळं आधी चार दिवस कडक उन्हात, मग भाजायचं, मग कांडायचं. थेंबभर तेल नाही की पाणी नाही. धुरीच्या मटणाला चोळायचा कोरडा मसाला आमच्या घरचा, मसोलीत दुसऱ्या कुणाला जमत नाही. बरणी भरून तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दादरा म्हणून तोंडावर बांधला. म्हणाली, 'थंडीत मटण चोळाल तेव्हा आठवण काढाल माझी.' मी म्हटलं, आठवण कशाला काढायची, तू समोर बसलेली असशीलच — नावं ठेवत!

बोलून गेलो.

२४ जून

पाऊस. आज कुणाशी चार शब्द बोललो असेन तर बैलाशी.

११ जुलै

दुपारी घरात कुणी नव्हतं. पोरगा सदू वाडीत चर काढायला गेलेला, सून पाणवठ्यावर. मी बांधावरून आलो, अंग नीट पुसलंही नव्हतं. सरळ फडताळापाशी गेलो आणि बरणी मांडीवर घेतली. नुसता वास घ्यायचा होता. दादरा सोडला आणि तिचा वास आला — एप्रिलात आठवडाभर तिच्या हातांना, पदराला, केसांना जो होता तो. नाक चुरचुरलं. हात आत घातला, पार मनगटापर्यंत. तिने आपल्या हाताने दाबून दाबून भरला होता ना!

मग रडलो. इथे लिहायला काय लाज? दहाव्याला रडलो नव्हतो, लोक काय म्हणतील म्हणून. आज पोटभर रडलो. तसाच भिंतीला टेकून झोप लागली.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. बरणी बांधून जागेवर ठेवलेली. एवढं भान होतं म्हणायचं!

२ सप्टेंबर

आज लख्ख ऊन. हिरकणी दारात येऊन उभी राहिली. 'मामंजी, मसाल्यास ऊन दाखवू का?'

म्हटलं, त्या बरणीला हात लावायचा नाही. ती शेवटची आहे. थंडीत मी माझ्या हाताने सोडीन.

ती आत गेली. डोंगराकडची पोर, कासाजवळच्या शेतकऱ्याची. कामाला वाघीण, पण कोणत्या गोष्टीला हात लावावा हे कळत नाही.

९ ऑक्टोबर

पुन्हा तेच! 'एक दिवसच उन्हात ठेवते, मामंजी, तुमच्यासमोर.' ओरडलो. ती बरणी म्हणजे लोणचं आहे काय, ऊठसूट उन्हात ठेवायला? पोरीचे डोळे भरले. जेवताना मला वाईट वाटलं, पण बोललो नाही. अंबू असती तर तिने माझ्याकडे नुसतं बघितलं असतं, आणि मी आपोआप बोललो असतो.

४ जानेवारी १९५९

उद्या धुरी! सात महिन्यांत पहिल्यांदा पहाटे आपण होऊन जाग आली. अंबूने शेवटल्या दिवसांत दोनदा बजावलं होतं, 'माझ्यामागं धुरी बंद करू नका. भाऊबंद आले पाहिजेत.' येताहेत. अकरा पानं.

चिकूचं वाळलेलं लाकूड आठ दिवस जपून ठेवलंय, त्याचा धूर गोड. वाडीत झावळ्यांची खोपी बांधली. मटणाच्या लांब पट्ट्या काढून सदूने मीठ लावून ठेवल्या आहेत. सकाळी त्या फडक्याने टिपून कोरड्या करायच्या, मग मसाला चोळायचा. दिवसभर खोपीत धुरावर टांगायच्या आणि संध्याकाळी निखाऱ्यावर सळ्यांना लावायच्या. कांडणं अंबूचं, चोळणं माझं. इतकी वर्षं वाटणी हीच. बोटांनी रेटत रेटत, रेषेरेषेत मसाला बसवायचा. हात कोरडा, मांस कोरडं, मसाला कोरडा. तिचं एकच सांगणं असायचं — ओला हात बरणीत गेला की वर्ष गेलं.

उद्या ती नाही, पण तिचा हात असेल. असं मनात आलं आणि बरं वाटलं.

५ जानेवारी

कसं लिहू?

सगळे सकाळीच जमले होते. मी खोपीपाशी पाटावर बसलो, बरणी पुढ्यात घेतली. दादऱ्याची गाठ सुटेना. मला धीर कुठला! कोयता घेतला आणि कडेने फडकं कापलं. झाकण काढलं — आणि वास आला तो तिचा नव्हे. कुबट. वर हिरवी-पांढरी बुरशी. खाली दगडासारखी ढेकळं. मध्ये खोल भोक, तिथे सगळ्यात जास्त.

माझा चुलतभाऊ दौलत वाकून बघतो आणि म्हणतो, 'कुणीतरी ओला हात घातला रे गोविंदा!'

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ऊन दाखवू का, ऊन दाखवू का — उगीच नव्हती मागे लागली! बिघडवून ठेवला होता आणि गुपचूप सुकवायचा होता. मी हाक मारली. अकरा माणसांसमोर, बायका आतून बघत असताना, विचारलं.

'मी मसाल्यास हात नाय लावला, मामंजी.'

'मग कुणी लावला? भुताने?'

तिने माझ्याकडे पाहिलं. चांगलं डोळ्यांत डोळे घालून, आणि मग खाली. म्हणाली, 'माहीत नाय.'

मी म्हटलं, सासूच्या नावाने शपथ घे. तिने घेतली, हात लावला नाही म्हणून. मी म्हटलं, मेलेल्या बाईची खोटी शपथ घेतेस? माझ्या अंबूचा शेवटचा हात होता त्यात, तो तू सडवलास! आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही.

सदूने हातातल्या सळ्या खाली ठेवल्या आणि वाडीबाहेर निघून गेला.

मटण नुसत्या मिठावर भाजलं. कुणी फारसं खाल्लं नाही. मसाला मी चिकूच्या बुंध्याशी खड्डा करून पुरला. तिला दुसऱ्यांदा पोचवून आलो. कापलेला दादरा रिकाम्या बरणीत टाकला आणि बरणी फडताळात ढकलली.

८ जानेवारी

सदू म्हणाला, 'आबा, ती नाही म्हणते म्हणजे नाही.'

मी म्हटलं, एकदा कबूल कर म्हणावं, मी विसरतो. चूक माणसाकडून होते. पण खोटं?

दोघं दुपारच्या गाडीने गेली. कासाला तिच्या बापाकडे. सदूला तिथल्या लाकडाच्या वखारीत काम मिळेल म्हणे. निघताना ती पाया पडली. मी पाय मागे घेतले.

२९ जानेवारी

भात करपला. काल कच्चा राहिला होता. तेवढीच प्रगती.

१८ एप्रिल

सगळ्या मसोलीत मसाल्याचा खकाणा उडतोय. मी दारं लावून बसलो. अंबू, तुझं उखळ मी पालथं घालून ठेवलंय.

२० ऑगस्ट

सदूचं कार्ड. मुलगी झाली, दोघी सुखरूप. 'आबा, बारशाला या.'

गेलो नाही. आधी कबुली. मी काही फार मागत नाही.

२३ ऑगस्ट

कार्ड चार वेळा वाचलं. रंग कसा आहे, नाक कुणाचं, काही लिहीत नाही मूर्ख.

६ नोव्हेंबर

दौलत आला होता. चहा मीच केला. तो पिऊन झाल्यावर म्हणतो, 'मूठभर मसाल्यापायी घर रिकामं केलंस, गोविंदा.' मी म्हटलं, ओला हात म्हणून पहिल्यांदा कोण ओरडलं होतं? तो म्हणाला, 'मी मसाल्याबद्दल बोललो. सुनेबद्दल तू.'

त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. मग लक्षात आलं, त्याच्याशीही नाही तर कुणाशी? संध्याकाळी मीच त्याच्याकडे गेलो.

१२ डिसेंबर

थंडी पडली. चिकूचं लाकूड तोडून ठेवलं, सवयीने. अकरा पानं काय, एक पान मांडायला घरात कुणी नाही. मला माझी माणसं हवी आहेत. बस्स. कबुली नाही दिली तरी चालेल. अंबू, मी माझ्याकडून मिटवतो. उद्या जातो.

१३ डिसेंबर

कासाला जाऊन आलो! सकाळच्या एस.टी.ने गेलो, शेवटच्या गाडीने परत.

व्याह्यांचं घर साधं, शेणाने सारवलेलं. आढ्याला बियाण्याची मडकी ओळीने टांगलेली, तोंडं फडक्याने बांधून. सदू वाळलाय. पोरीचं नाव नर्मदा ठेवलंय. मी म्हटलं, आजीचं का नाही ठेवलं? सदू म्हणाला, 'ठेवायचं होतं, आबा. पण तुम्ही रागवाल असं वाटलं.' मी पोरीला मांडीवर घेतलं. नाक अंबूचं आहे. नक्की!

मग हिरकणीला समोर बोलावलं आणि जे ठरवून गेलो होतो ते बोललो. 'झालं गेलं मी विसरलो. ओला हात कुणाचाही जातो. तू खोटं बोललीस तेही मनातून काढलं. तुला माफ केलं.' सदू काहीतरी बोलणार होता. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. मग वाकून माझ्या पाया पडली. या वेळी मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवला. मोठेपणा घ्यायला माणसाला काय लागतं? थोडं मन मोठं करावं लागतं, एवढंच.

निघताना तिने एक लहान बरणी हातात दिली. म्हणाली, 'सासूबाईंच्या शेजारी बसून शिकले तसा कांडलाय. चुकला असंल तर सांगा. आन् ओल लागाय देऊ नका.'

येत्या रविवारी तिघंही येताहेत. धुरी करायची. एस.टी.त बरणी मांडीवर धरून बसलो होतो, आणि कित्येक महिन्यांनी माझा मलाच अभिमान वाटला.

१४ डिसेंबर

सकाळी वास घ्यावा म्हणून बरणी काढली. गाठ सुटेना. तीन वेढे आणि शेपूट आत खोचलेलं — त्या बियाण्याच्या मडक्यांना असते तशी. आपण ही गाठ आधी कुठेतरी पाहिली आहे असं वाटलं. फडताळातली रिकामी बरणी काढली. जानेवारीत कडेने कापलेला अंबूच्या लुगड्याचा तुकडा आतच होता. त्यावरची गाठ शाबूत. तीन वेढे, शेपूट आत.

अंबू साधी दुहेरी गाठ मारायची. मला सुरगाठीपलीकडे काही येत नाही.

ही वही मागे चाळली. ११ जुलै. 'बरणी बांधून जागेवर ठेवलेली.' अक्षर माझंच. हात मनगटापर्यंत घातला, अंग पुसलं नव्हतं, तेही मीच लिहिलंय.

पाणवठ्यावरून ती आली तेव्हा मी रडून झोपलो होतो, बरणी उघडी होती. तिने ती बांधून ठेवली. दोनदा ऊन दाखवू का म्हणाली. आणि अकरा माणसांसमोर मी तिला विचारलं, कुणी लावला हात, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, माहीत नाय.

आणि काल मी तिला माफ करून आलो.