मोटारीतला मुराळी

चिखली,
२७ मार्च १९६६

चि. सौ. कोकिळा हिस महादेवदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. बातमी वाचून पाटावरून उठू नकोस. माझ्या दारात मोटार उभी आहे! डॉक्टर उत्तमराव पुण्यास मुलाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, मास्तर, लेकीसारखी सांभाळली, आता तुमच्या हवाली. काळी आहे, म्हातारी आहे आणि माझ्यासारखीच सकाळी खोकते.

तिच्या पुढच्या कप्प्यात एक इंग्रजी माहितीपुस्तक सापडलं. चौतीस वर्षं मराठी शिकवून आता मी मांडीवर शब्दकोश घेऊन पुन्हा विद्यार्थी झालो आहे. एक कळ ओढली की पुढची काच पुसणाऱ्या दोन काड्या डुलू लागतात. दुसरी दाबली की दाराजवळच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर येतो, वळण्याची खूण म्हणून. काल तो आत घ्यायचा राहिला. बाजारात जो तो हात वर करू लागला. मला वाटलं, जुने विद्यार्थी नमस्कार करताहेत. मला शिकवणारे गुलाम रसूल मिस्त्री म्हणाले, मास्तर, हात आत घ्या, सारा बाजार सलाम करून राह्यला.

लायसन मिळालं आहे. तेव्हा या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, तुझा मुराळी होऊन तुला माहेरी न्यायला मी स्वतः नांदुऱ्यास येतो. वडील तुला आणायला छकडा जुंपत, तेव्हा मी मागे पाय सोडून बसायचो आणि राजूर घाटात शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो. बैल कान हलवायचे. तेवढे रसिक श्रोते पुढे वर्गात लाभले नाहीत.

मेहुणे शालिग्रामरावांना नमस्कार. माया असू दे. रागही असू दे, पण थोडा.

तुझा,
महादेवदादा


नांदुरा,
२ एप्रिल १९६६

तीर्थरूप दादास कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, मग यांनी वाचलं, मग शेजारच्या नसीमाले वाचून दाखवलं. ती म्हणते, भाई मोटार घेऊन येऊन राह्यला, आता तुमी आमच्याशी बोलान का?

पण दादा, खरं सांगू? आई गेल्याले अकरा वर्षं झाली. दर आखाजीले तुझं पत्र येते. वर कविता असते आणि खाली 'एस.टी.ने निघून ये' असते. मुराळी काही टपालानं येत नाही. न्याले माणूस आलं तर ते माहेर, नाही तर नुसतं चिखलीचं तिकीट. या वयात मी झोक्यावर बसाले हपापली नाही. पण आईमागं मले कोणी न्याले येते का, तेवढं एकदा पाह्यचं आहे. यंदाही नाही आला तर मी रुसणार नाही. पण मग वाटही पाहणार नाही, कधीच.

आणि मोटार चालवताना कविता आठवू नको. बैलाले रस्ता ठाऊक होता, मोटारीले नाही.

वहिनीले नमस्कार. आठवण ठेव, आणि यंदा ती नुसती कागदावर ठेवू नको.

तुझी,
कोकिळा


चिखली,
१२ एप्रिल १९६६

चि. सौ. कोकिळा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. वीस तारखेला पहाटे निघतो. नऊपर्यंत तुझ्या दारात. गाठोडं बांधून ठेव.

तुला काळजी नको म्हणून कळवतो, सगळं पुस्तक मी पद्यात आणलं आहे. गद्य माझ्या डोक्यात कधी राहिलं नाही. ही सुरुवात बघ:

चोक ओढुनी किल्ली फिरवा,
इंजिन जागे होता सोडा;
डावी कळ ती दिवे लावते,
उजवी काचा पुसण्या ओढा.

अशा आठ ओळी. पुस्तकात सूचना खरं तर नऊ आहेत, पण हँडब्रेक हा सात मात्रांचा आडदांड शब्द चालीत कुठंच बसेना. तीन रात्री झगडलो आणि शेवटी गाळला. आपल्या सपाट अंगणात तो लागतोही कुठं? चाकाखाली धोंडा ठेवला की भागतं. मिस्त्रींना ओळी म्हणून दाखवल्या. ते म्हणाले, मास्तर, गाना अच्छा है, लेकिन गाडी को सुनाई नहीं देता.

तुझी वहिनी म्हणते, नणंदेला सांगा, घराला पोतेरं झालं, कडुनिंबाला झोक्याचा दोर बांधला. लोभ आहेच, नऊ वाजेपर्यंत धीरही धर.

तुझा,
महादेवदादा


मोताळा, एस.टी. स्टँड,
२० एप्रिल १९६६, सकाळी साडेनऊ

चि. कोकिळा,

ही चिठ्ठी नांदुऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर देतो आहे. मी सुखरूप आहे, मोटार नाही.

राजूर घाटाच्या माथ्यावर थांबलो. छकडा थांबायचा तीच जागा. उतार होता, म्हणून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हँडब्रेक ओढला. खाली सगळा मुलूख उन्हात उजळत होता. दोन कविता म्हटल्या. मग माझ्या आठ ओळी म्हणत निघालो. आठांत तो सोडायची ओळ नाही. सारा घाट तसाच उतरलो. मोताळ्यात मागच्या चाकांतून धूर निघू लागला. एस.टी.च्या ड्रायव्हरनं आत वाकून दांडा सोडला आणि विचारलं, काऊन गुरुजी, गाडी भाजून खाता का? म्हणतो, तीन-चार तास थंड होऊ द्या, हलवू नका.

तू पहाटेपासून उंबऱ्यात असशील. गाठोडं सोडू नकोस. दुपार होवो, संध्याकाळ होवो, मी येतोच. मोटार हललीच नाही तर ती इथं ठेवून येईन.

दादा


नांदुरा,
३ मे १९६६

तीर्थरूप दादास कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचली. तू दारापर्यंत सोडलं आणि पिवळा हात बाहेर ठेवूनच परत गेला. नसीमा अजून त्याले सलाम करून राह्यली.

त्या दिवशी मोताळ्याले मले एस.टी.तून उतरताना पाहून तुझं तोंड पडलं होतं. मी रागानं आली असं वाटलं न तुले? निघताना यांनीही चिडवलं, अकरा वर्षांचा हट्ट मोडला का? मी म्हटलं, मोडला कुठं? मुराळी मोताळ्यापर्यंत आलाच आहे, उरलेली वाट मी चालते. दादा, अकरा वर्षांत पहिल्यांदा तुझ्या कागदावर 'निघून ये' नव्हतं. तेच वाचलं आणि निघाली.

तुझी नववी ओळ झोक्यावर बसल्या बसल्या जुळली. मात्रा मी मोजल्या नाहीत:

हँडब्रेक सोड दादा, मग धर रे चाक,
आखाजीच्या सणाले बहीण मारते हाक.

वहिनीच्या हातचे मांडे अजून जिभेवर आहेत. माया आटू देऊ नको.

तुझी,
कोकिळा


चिखली,
९ मे १९६६

चि. सौ. कोकिळा हिस अनेक आशीर्वाद.

तुझी ओवी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली. मात्रा मीही मोजल्या नाहीत. मिस्त्रींना म्हणून दाखवली, तर म्हणाले, मास्तर, ये गाडी को भी सुनाई देगा.

माझ्या आठ ओळींतल्या दोन आताच विसरलो आहे. पुढच्या आखाजीला पहाटे निघेन. घाटात थांबणार नाही असं वचन देत नाही. थांबेन, पण निघताना तुझंच गाणं म्हणेन.

दोर कडुनिंबालाच ठेवला आहे.

तुझा मुराळी,
महादेवदादा