बाबांची परिक्रमेची सॅक

बाबा,

मी पहिल्या शिफ्टला चाकणला चाललेय. दाराच्या खुंटीला नवी सॅक टांगलीय. नर्मदा परिक्रमेला हीच न्या, ती जुनी झोळी नको; तिचं सगळं ओझं मानेवर येतं. हिचा पट्टा कमरेला आवळला की खांदे मोकळे राहतात.

तुम्ही एकटे निघालात म्हणून हे तुमच्याशी बोलत नाहीत. पण रविवारी दुकानात हिच्यात वाळूच्या पिशव्या भरून हे स्वतःच तिथले जिने चढत-उतरत होते. दुकानदार हसला, तर म्हणाले, "आमचा म्हातारा ऐकायचा नाही हो. निदान पाठ तरी शाबूत राहू दे त्याची."

सॅक मी घेतली, असं तुम्हाला सांगायचं ठरलंय. तुम्हीही तसंच दाखवा. फक्त निघताना पट्टे त्यांच्याकडून बांधून घ्या.

रुपाली