मनुकांच्या पाण्याला आलेला फेस

प्रकाशा,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय दिनेश,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलंस ना? सातवीत ज्यांनी तुला बाकावर उभं करून कविता म्हणायला लावली, आणि तू अर्ध्यात विसरून स्वतःच्याच चार ओळी जोडून मोकळा झालास, तेच हे गुरुजी. वर्गात डोळे वटारले होते खरे, पण घरी येऊन त्या ओळी मी तुझ्या काकूंना म्हणून दाखवल्या होत्या. संध्याकाळी तापीच्या घाटावर बसलो की अजून एखादी आठवते. म्हातारपणी माणसाला असलंच काहीतरी पुरतं.

कालच आम्ही दोघं चिंचपाड्याहून परतलो. तुझ्या आईनं, कालीबाईनं, ईस्टरला आग्रहानं बोलावलं होतं. निमित्त तुझ्या वडिलांचं. दवाखान्यातून बरा होऊन आल्यापासून नवलनं दारूला हात लावलेला नाही. हे तुझ्या कानावर आलं असेल, आणि तू विश्वास ठेवला नसशील. पण तेव्हापासून चर्चमध्ये तो शेवटच्या रांगेत बसायचा, आणि प्रभुभोजनाचा, द्राक्षारसाचा म्हणून फिरणारा पेला हातोहात आला की ओठांना न लावताच पुढे द्यायचा. एक घोट पोटात गेला तर सगळं पुन्हा सुरू होईल, ही भीती. आम्ही पोचलो तसं मला ओसरीवर बसवून विचारतो, “गुरुजी, तुम्ही एवढं वाचलंय. त्या येशूच्या काळच्या द्राक्षारसानं चढायचं का हो?”

असा प्रश्न आला की माझं काय होतं, तुला माहीतच आहे. द्राक्षांचे मळे, उतरतं ऊन, अनवाणी पायांनी घड तुडवणाऱ्या बायका, सगळं डोळ्यांपुढे आलं. तो दूरचा देश मला तर थेट आपल्या तापीकाठासारखा दिसायला लागला, केळीच्या जागी द्राक्षं एवढाच फरक. मी ठोकून दिलं, की तेव्हाचा रस गोडच असणार, नशा ती कवींनी मागाहून घातली. काकू म्हणाल्या, “तुम्ही भलतंच काय सांगी ऱ्हायनात त्यासले?” तेवढ्यात तरुण पास्टर अजित आले. त्यांनी सरळ सांगितलं, “चढायचं, काका. द्राक्षाचा रस नुसता ठेवला तरी आपोआप आंबतो. कुणी पाणी घालून पीत, कुणी आटवून ठेवत, पण चढायचं. नाहीतर ग्रंथात ‘द्राक्षारसानं मस्त होऊ नका’ असं कशाला बजावलं असतं?” नवलचा चेहरा पडला. मग पास्टरांनीच समजूत घातली, की आपल्याकडे मनुकांचं पाणीच असतं, आणि या खेपेला ते तुमच्याच घरी झालंय, मग कसली शंका? तुझ्या आईनं आधीच काळ्या मनुका गूळ घालून मडक्यात भिजत टाकल्या होत्या. मडकं चुलीशेजारी, वर फडकं.

रविवारी नवल पहिल्या रांगेत बसला. पांढरा सदरा, केसांना तेल. पेला प्रथम त्याच्याच हाती आला. त्यानं तो तोंडापाशी नेला आणि थांबला. हुंगून पाहिला. मी मागून पाहत होतो. पोरा, त्या घडीला त्यानं तो गटकन प्यायला असता तर कुणीही त्याला दोष दिला नसता, कुणाला कळलंही नसतं. त्यानं पेला खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पास्टर, हे आंबलंय. हे माझ्यानं होणार नाही.”

तुझी आई उसळलीच. “माझ्या मनुकांना नावं ठेवतोस?” तरातरा पुढे आली, हुंगलं, आणि कपाळावर हात मारला. पेल्यात बारीक फेस होता. उन्हाळा आपल्याकडचा, त्यात चुलीची ऊब. उकळायचं राहून गेलेलं! पास्टर हसत माझ्याकडे वळले, “घ्या गुरुजी, तुमच्या गोड रसाचं काय झालं बघा.” सगळी मंडळी हसली, त्यात मीही. ते पाणी आंब्याच्या बुंध्याशी ओतलं. मग अंगणात तीन दगडांची चूल मांडून नव्या मनुका उकळल्या. आत गाणी चालू, बाहेर जाळ घालायला नवल. शेवटी त्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “गूळ फार झाला.” मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या एसटीत मी सबंध वाट गुणगुणत होतो. काकूंनी एकदाही गप बसवलं नाही.

तुझ्या लग्नाच्या मांडवात नवलनं दारू पिऊन काय केलं ते मी पाहिलंय, दिनेश. तू घर सोडलंस, फोन उचलत नाहीस, यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तुला मुलगी झाल्याचं तुमच्या गावच्या शांतीलालनं सुरतेहून येऊन सांगितलं. तो नावही सांगणार होता, तर नवलनं त्याला थांबवलं. म्हणाला, “दुसऱ्याच्या तोंडून नको.” काल मला एसटीत बसवताना खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, “गुरुजी, माझं अक्षर पाहिलं तर तो पत्र फोडणारच नाही. तुम्ही लिहा. घरी ये म्हणू नका. नातीचं नाव काय ठेवलं, तेवढंच त्याला विचारा.” म्हणून विचारतो. साध्या कार्डावर तो एक शब्द लिहून चिंचपाड्याला टाक, बाळा.

तुझाच, आणि या पत्रापुरता तुझ्या बापाचाही,
भटू गुरुजी