विडीच्या बंडलाएवढा कॅमेरा

८ जुलै १९७९. मानवत (मुक्काम तात्पुरता)

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
सासऱ्यांच्या घरी आमचा तात्पुरता मुक्काम आहे. त्याला या आषाढात पाच वर्षं झाली. लोक माझ्या पाठीमागे मला घरजावई म्हणतात. लोकांना तात्पुरतं म्हणजे काय ते कळत नाही.
मामांची, म्हणजे सासऱ्यांची, कापूस-धान्याची आडत आहे. तिथे माझं काम म्हणजे ढिगावरची शेळी हाकलणे. माझं डोकं टेक्निकल आहे. पोस्टाने रेडिओदुरुस्तीचा कोर्स केलाय. शेवटचे दोन धडे तेवढे राहिले.

१२ जुलै

सोन्याचा दिवस! मामांनी कपाटातून फडक्यात बांधलेला कॅमेरा काढला. विडीच्या बंडलाएवढा. निजामाच्या राजवटीत ते हैदराबादला नोकरीला होते, तेव्हा एका साहेबाने जाताना दिलेला. दोन्ही टोकं धरून ओढायचा, परत दाबायचा, की पुढच्या फोटोला तयार. गेल्या पावसाळ्यापासून अर्धवट उघडून अडकलाय.
मी म्हणालो, आठ दिवसांत देतो. मामा म्हणाले, भादव्यात तुमच्या सासूचं वर्षश्राद्ध हाय, त्याच्या आत द्या. परभणीचा गाळा रिकामा पडलाय, त्याच्या चाव्या तुमाला देतो, टाका तितं दुकान.
गाळा! परभणी! माझी बायको मनकर्णा आणि मी! ना आडत, ना शेळी.
मामा पुढे म्हणायला लागले, जावयबापू, जरा बेतानं हां, आत लय... मी हात वर करून थांबवलं. म्हणालो, मामा, आतलं मला सांगू नका. टेक्निकल माणसाला आतलं आपोआप कळतं.
त्यांनी फडक्याची घडी करून कपाटात ठेवली. इम्प्रेस झाले असावेत.

१३ जुलै

पहिल्याच दिवशी बिघाड सापडला. अंगणात खाट टाकून भर उन्हात कॅमेरा उघडला. प्रकाश भरपूर पाहिजे, हा कोर्समधला पहिला धडा. आत एक चिंचोळी काळपट पट्टी गुंडाळून बसली होती. तिच्यामुळेच तर सगळं जाम! चिमट्याने सरसर ओढून काढली.
मनकर्णा म्हणाली, अवो, फिलिम तर न्हाई ना ती? मला हसू आलं. फिल्म दोन बोटं रुंद असते. परभणीच्या स्टुडिओत डोळ्यांनी पाहिली आहे. ही परकराच्या नाडीएवढी. कंपनीने माल हलू नये म्हणून घातलेलं पॅकिंग असणार.
ती दोडक्याचा वेल मांडवाला बांधायला काहीतरी शोधत होती. तिला पट्टी दिली. टाकाऊतून टिकाऊ.

१७ जुलै

पट्टी काढूनही कॅमेरा हलेना. म्हणून पूर्ण खोलला. स्क्रू तिळाएवढे. एक खाली पडला आणि कोंबडीने टिपला. चूक कोंबडीची.
कोंबडी डालग्याखाली नजरकैदेत ठेवली आहे. निसर्ग आपलं काम करेल.

१९ जुलै

अजून नाही.
दोन दिवस त्या डालग्याकडे बघत बसलोय. कोंबडी फटीतून एका डोळ्याने माझ्याकडे बघते. मला उगाच भरून आलं. पाच वर्षांत माझ्याकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं.
दुपारी मनकर्णाने डालगं उचललं. म्हणाली, तिला तरी जाऊ द्या.

२९ जुलै

कॅमेरा जोडला! सकाळचे अकरा. चार भाग उरले. परदेशी कंपन्या भाग जास्तीचे देतात.
आता तो सुरेख उघडतो आणि मिटतो. बटण दाबल्यावर आवाज येत नाही, पण चांगल्या मशीनला आवाज नसतोच. मामांना सांगितलं, नव्वद टक्के झालं. गाळ्याला पाटी कोणत्या रंगाची लावायची तेही विचारलं. ते म्हणाले, आधी कॅमेरा.

५ ऑगस्ट

लिहू की नको.
जेवताना मामा म्हणाले, आतली फिलिम धुऊन आना आता. मी विचारलं, कसली फिल्म?
मामांनी हात धुतला आणि सांगायला लागले. सासूबाई फोटो काढू द्यायच्या नाहीत. फोटोनं आयुष्य घटतं म्हणायच्या. लग्नातला नाही, जत्रेतला नाही, कुठलाच नाही. मग मामांनी मुंबईहून या कॅमेऱ्याची फिल्म मागवली आणि वर्षभर चोरून त्यांचे फोटो काढले. जात्यापाशी, विहिरीपाशी, तुळशीपाशी. मग कॅमेरा अडकला, आणि महिन्याभरात सासूबाई गेल्या.
मामा म्हणाले, श्राद्धाला भिंतीवर लावायचाय फोटो. तिचा दुसरा एक बी न्हाई. आता तर मला तिचं तोंड सपनात बी नीट दिसंना झालंय.
मी म्हणालो, झालंच म्हणून समजा. हे वाक्य माझ्या तोंडातून आपोआप येतं.
मनकर्णाने ताटावरून माझ्याकडे पाहिलं. तिची आईच ती. ती उठून मांडवाकडे गेली.

६ ऑगस्ट

मांडवाखाली जाऊन पट्टी बघितली. पांढुरकी पडली आहे. पण माल परदेशी आहे, ऊन-पाऊस सोसायची ताकद असेल. मामांना सांगू नको असं मनकर्णाला विनवलं. ती म्हणाली, तुमीच सांगा.
संकल्प: उद्या खरं सांगायचं.

७ ऑगस्ट

आज मामांचा मूड चांगला होता. बिघडवायला नको म्हणून नाही सांगितलं.

८ ऑगस्ट

आज मूड खराब होता. अशा वेळी सांगणं बरं नाही.

१४ ऑगस्ट

परवा परभणीला गेलो. स्टुडिओवाल्याने फिल्म मागितली. मी म्हणालो, फिल्म तेवढी नाही, बाकी सगळं आहे. त्याने माझ्याकडे बघून चहा मागवला.
परत निघालो तर विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एस.टी. उभ्या. स्टँडवरच अडकलो. पोराबाळांसह लोक बसले होते. आपल्या गाळ्यासमोरून तीन चकरा मारल्या. शटरला कुलूप. आत उंदीर आहेत, आवाज आला. त्यांचा हेवा वाटला.
तिसऱ्या चकरेला आयडिया सुचली. गंगाखेडच्या कडूबाई! सासूबाईंची धाकटी बहीण. तेच नाक, तीच नथ, तोच पदर.

२४ ऑगस्ट

स्टुडिओवाल्याला घेऊन गंगाखेडला जाऊन आलो. कडूबाईंना सांगितलं, स्टुडिओच्या नव्या कॅमेऱ्याची टेस्ट आहे, चेहरा पाहिजे. त्या खुशीत इरकल नेसून आल्या. विचारत होत्या, जावयबापू, दात दिसू द्यायचे का न्हाई? मी म्हणालो, नका दाखवू, गंभीर राहा.
फोटो बारका करून घेतला. चहाच्या पाण्यातून काढला, म्हणजे जुना दिसेल. यालाच म्हणतात डोकं.

२७ ऑगस्ट

मामांना फोटो दिला. चष्मा लावून बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाले, बरंय.
भावना अनावर झाल्या असणार. मी लगेच चाव्यांचं काढलं. ते म्हणाले, श्राद्ध हू द्या. त्याच्या आत तुमाला अजून काय सांगायचं आसंल तर सांगा.
मी म्हणालो, पाटी निळी ठेवू या.

९ सप्टेंबर

उद्या श्राद्ध. कडूबाईंचा गुडघा धरलाय, त्या येणार नाहीत असा निरोप आला. देव टेक्निकल माणसाच्या पाठीशी असतो. मनकर्णाला ट्रंक भरायला सांगितली. तिने फक्त माझेच कपडे भरले.

१० सप्टेंबर

सकाळी मीच फोटो भिंतीला लावला. मोठा हार घातला, उदबत्ती लावली. पाहुणे आले, हात जोडायला लागले. एक म्हातारी तर रडलीही.
तेवढ्यात स्टँडवरून केलेल्या बैलगाडीतून कडूबाई उतरल्या. गुडघा बांधलेला. बहिणीचं श्राद्ध, राहवेना म्हणाल्या. आत आल्या, फोटोकडे बघितलं, हाराकडे बघितलं.
आरं मुडद्या, मी जित्ती हाय की रं! माझा मालक जिता, अन् माझ्या फोटूला हार घातलास व्हय? इतका वेळ मी जावयबापू होतो. त्यांनी हार ओढून तोडला आणि काठी घेऊन माझ्या मागे लागल्या. गुडघा चांगला चालतो त्यांचा.
मी धान्याच्या कोठीत शिरलो आणि आतून कडी लावली. पंगती उठेपर्यंत तिथेच होतो. कोठीला एकच फट आहे. तिच्यातून कोंबडी दिसत होती, मोकळी.
शेवटी मामा दाराशी आले. म्हणाले, या भाईर, कडूबाई गेली. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, चाळीस वर्सं संसार केला जावयबापू, मेव्हणी वळखू येत न्हाई का मला? तुमी कवा सांगता म्हून वाट बघायलो व्हतो.
मग विचारलं, फिलिम कुठंय?
मी त्यांना मांडवाखाली नेलं. काय काय झालं ते सगळं सांगितलं. म्हणालो, मामा, मला वाटलं पॅकिंग आहे. ते पट्टीकडे बघत म्हणाले, तसंबी तोंड कुठं दिसत व्हतं तिचं त्याच्यात. मी कॅमेरा काडला की ती पदर वडून घ्यायची. दर बारीला. निसता पदर आला आसंल.
मला एकदम हायसं वाटलं. म्हणालो, म्हणजे तसं फार नुकसान नाही झालं!
मामा म्हणाले, पदर तर तिचाच व्हता.

११ सप्टेंबर

मी काय बोलून गेलो ते रात्रभर आठवत होतं. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नाही.
संध्याकाळी, निदान पट्टी तरी मामांच्या हातात द्यावी, म्हणून मांडवाखाली गेलो. वेलाच्या तणाव्यांनी तिला चारी बाजूंनी विळखे घातलेत. एक सोडवला की दुसरा. मामा ओट्यावरून म्हणाले, ऱ्हाऊ द्या, वेल तुटंल, त्याचं बियाणं तिच्याच हातचं हाय.
चाव्यांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. मनकर्णाने ट्रंक रिकामी करून माळ्यावर ठेवली.
उद्या सकाळी आडतीवर जायचं आहे. जोंधळ्याचा नवा ढीग पडलाय, शेळ्या येतात.