रसाळगडाचा बेत

मस्कत

प्रिय शबाना आपा,

सलाम. अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगतोय आणि खोलीतला सुरेंद्र लिहितोय. जेवणखाण ठीक आहे. अम्मीला मुंब्र्यात करमतं का?

मी आलो की रसाळगडावर जायचा बेत मोडू नकोस. ऊन चढायच्या आत निघू. भाकऱ्या आणि सुकटाची चटणी घे. वाटेत तू पुढे चाल, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवीन.

वेल्डिंगनं डावा डोळा गेलाच होता. आता उजव्यालाही नुसता उजेड कळतो. डॉक्टर म्हणाले, "नजर परत येणार नाही."

वर पोहोचलो की आपलं गाव कुठल्या बाजूला ते सांग. मी तिकडे तोंड करून उभा राहतो, तू फोटो काढ. अम्मीला वाटू दे, मी गाव बघतोय.

तुझाच,
इरफान