रखमाजीबाबांची तलफ

विंझर, ३ नोव्हेंबर १९५४
बदली झाली, भाड्याची खोलीही मिळाली. इथल्या हवेने मंदाचा दमा पळणार, नक्की. डॉक्टर म्हणाले होते, पोरीला धुरापासून जपा. म्हणून आजपासून विडी बंद. बायकोला तसा शब्द दिला आहे. मी मनाचा पक्का माणूस.

५ नोव्हेंबर
मंदाची छाती पुन्हा वाजू लागली. कारण सापडलं. चूल! घरमालकीण सगुणाबाईंना सगळं सायंटिफिक पद्धतीने समजावलं. त्या म्हणाल्या, मास्तर, मग भाकरी काय उनात भाजू? शेवटी चूल पडवीत हलवली.
वादाने डोकं तापलं, म्हणून मागच्या दारी एक ओढली. बाहेर ओढलेली धरत नाहीत.

९ नोव्हेंबर
चूल गेली तरी धाप आहेच. म्हणजे शेळ्या. गोठा लांब न्यायला सांगितलं. ही म्हणते, उगाच भांडू नका, खोली जाईल. हिला शास्त्र कळत नाही.

१२ नोव्हेंबर
अंगावर काटा आला. मंदा म्हणते, दिवे लागले की कुणीतरी अंथरुणाशी येऊन बसतं. आधी विडीचा वास येतो, मग छाती आवळते. सगुणाबाईंनी ऐकताच हात जोडले. म्हणाल्या, मामंजी हायेत त्ये, रखमाजीबाबा. ह्याच खोलीत गेले, विडी मागत मागत. लई जीव व्हता पोरांवर.
माझा भुतांवर विश्वास नाही. पण त्यात तथ्य असू शकेल, असं हिच्यासमोर म्हणालो. हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

१४ नोव्हेंबर
काल सगुणाबाईंनी कोनाड्यात रखमाजीबाबांसाठी विडी ठेवली, काडीपेटीसकट. सकाळी विडी गायब. सगळी आळी बघून गेली.
मीच घेतली. वाया गेली असती. आता त्या रोज ठेवणार आहेत.

१८ नोव्हेंबर
मागच्या दारी पाठीशी कुणी उभं आहे असं वाटतं. म्हातारा आपली विडी मागत असेल का? मला खरंच भीती वाटते. आणि भीती वाटली की ओढावीशी वाटते.

२५ नोव्हेंबर
ट्रेनिंगसाठी भोरला होतो, आज परतलो. मी नसताना मंदाला एकदाही धाप लागली नाही. अंगणात धावली म्हणे. शेवटी उपाय कुणाचे!
खुशीत मागच्या दारी जाऊन आलो. दिवेलागण झाली होती. मंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारी बसलो. तिची छाती वाजू लागली. डोळे गच्च मिटून तिने हात जोडले. म्हणाली, रखमाजीबाबा, लांब बसा ना. माझे बाबा आलेत आज, ते तुम्हाला हाकलतील.
मी बोललो नाही. तिने आवाज ओळखला असता. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तसाच मागे सरकत बाहेर आलो.
थोड्या वेळाने आतून हाक आली. बाबा, या आता, ते गेले.
मला आत जाता आलं नाही.