अननसाच्या पुड्यात लिंबू

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी हे पत्र वाच, मग पार्सलातले पुडे बघ, नाहीतर भावाचं डोकं फिरलं असं समजशील. आत चॉकलेटचे वेफर आहेत, स्ट्रॉबेरीच्या जेलीच्या गोळ्या आहेत आणि कॅरमलच्या वड्या. तिन्ही आमच्या सुपरमार्केटच्या फळीवरचे.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर आपण ‘जेवलीस का, जेवलास का’ यापलीकडे जात नाही. गोष्ट अशी, की डिसेंबरातल्या तापात मला वास यायचा बंद झाला तो परत आलाच नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं कळतं, बाकी सगळी पाटी कोरी. साबण आणि संत्रं मला आता सारखंच. आणि माझं काम तर तुला माहीत आहे. वीस वर्षं मी चव-खोलीत बसतोय. सहा जणांना सहा आडोसे, वर लाल दिवा, म्हणजे खाऊचा रंग दिसू नये. समोरच्या छोट्या खिडकीतून बशी येते. चाखायचं, पाण्याने चूळ भरायची, आकडा लिहायचा. आकड्यांचं मी अंदाजाने निभावतो. पण दर पंधरवड्याला काही पुडे घरी न्यायचे असतात आणि ते कसे लागतात ते आपल्या शब्दांत लिहून द्यायचं असतं. तिथे माझी गाडी अडते.

प्रत्येकाचे दोन पुडे मिळतात, त्यातला एक तुला. तू एकेक खा आणि जसं लागेल तसं लिहून पाठव. मी उतरवून काढीन. लबाडी आहे, मला कळतं. पण दर सोमवारी चाखून झालं की आम्ही सहा जण अर्धा तास चहा घेत भांडतो, आणि ही गेल्यापासून आठवड्यात माणसांशी बोलणं होतं ते तेवढंच. ते गेलं तर मी घरात भिंतींशीच बोलायला लागेन ताई.

लोभ या कॅरमलसारखा चिकटून राहू दे, ही विनंती.

तुझा,
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. पोस्टमनने तीन जिने चढून आणलं आणि वर विचारलं, की आजी, आत काय आहे? मी म्हटलं, सरकारी काम आहे. बिचारा आदबीने उतरला.

वास गेला हे दोन महिने पोटात ठेवलंस, याबद्दल तुझा कान पिळायला हवा, पण एवढ्या लांबून हात पोचत नाही. डॉक्टरला दाखवलंस ना? गॅस बंद केल्याची रोज दोनदा खात्री कर. वास येत नाही त्या माणसाने एकट्याने राहायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर.

आता तुझं काम. वेफर : पहिला घास कोऱ्या वहीसारखा कोरडा, मग मधल्या रेघेवर गोडी सापडते, आणि ती सापडेपर्यंत वेफर संपलेला असतो. जेलीची गोळी : खोडरबर सणावाराचे कपडे घालून आलंय. चावलं की आधी रुसतं, मग एकदम रस सोडतं. कॅरमल : दाढेत बसतं आणि नको असलेल्या पाहुण्यासारखं उठत नाही. उठल्यावर मात्र चुकल्याचुकल्यासारखं होतं.

हे चालेल का? शिवणकाम करणाऱ्या बाईकडून याहून जास्त काय मिळणार. पडद्याला किती चुण्या हव्यात ते विचार, झोपेत सांगीन.

पुढचं पार्सल कधी, ते आधी कळव. त्या दिवशी मी बाहेर जाणार नाही. तसंही मला कुठे जायचं असतं म्हणा.

आशीर्वाद आहेतच. माया कमी करू नकोस, पत्र मोठं लिहीत जा.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू माझी अब्रू राखलीस, उलट वाढवून ठेवलीस. खोडरबर वाचून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख, मोठ्याने हसल्या. त्यांना हसताना मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, की तुमच्या लिखाणाला इतक्या वर्षांनी लहान मुलाची जीभ फुटली आहे. माझ्या शेजारच्या आडोशातले निवृत्त कंडक्टर बिचारे खट्टू झाले. ते वेफर असो, वडी असो, प्रत्येकाला सात गुण देतात आणि खाली ‘ठीक’ लिहितात.

खरं सांगू? तुझे शब्द उतरवताना मलाही कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले. वय झालं, दुसरं काय.

घरी मात्र सगळं सामसूम. मी स्वयंपाक करतो आणि चव कळत नाही म्हणून मीठ मोजून घालतो. जेवण लवकर उरकतं. मग हिची खुर्ची जागच्या जागी आहे ना, ते बघतो. ती कुठे जाणार आहे?

मधल्या दोन पार्सलांत तीन-तीनच होते, या खेपेला पाच पुडे आहेत. अननसाच्या क्रीमच्या बिस्किटांकडे नीट लक्ष दे, ती आमची नवी आहेत.

लोभात काटछाट नसावी.

तुझा,
धाकटा


ता. २७ मार्च

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

लहान मुलाची जीभ म्हणे! तुमच्या बाईंना माणसाची पारख आहे हो, चोखंदळराव.

चार पुड्यांचं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. अननसाचं असं : जिभेच्या कडांना गुदगुल्या होतात, कानामागे आंबट कळ जाते आणि डोळा आपोआप मिटतो. एका बिस्किटावर कुणी थांबणार नाही.

इकडे बरं आहे. पायाच्या बोटाला जखम झाली होती, ती भरायला महिना लागला, पण भरली. चहा मला आताशा बिनसाखरेचाच बरा वाटतो. खालच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं. जिन्यात चप्पल वाजेनाशी झाली आहे. दुपारी मशीनवर बसते, शिवायला काही नसलं तरी पाय हलवते, तेवढाच आवाज.

तिच्या खुर्चीवर तू बस. रिकामी ठेवून ती भरणार आहे का?

माया असू दे.

तुझी,
ताई


ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

घोटाळा झाला आहे. उत्तर उलट टपाली पाठव.

कारखान्यात वेष्टनांची अदलाबदल झाली. अननसाच्या पुड्यांत लिंबाची बिस्किटं भरली गेली. दोन्हींचं क्रीम पिवळंच, कोणाच्या नजरेला आलं नाही. पण जिभेला यायला हवं होतं. बाकीच्या पाचही जणांनी लिहिलं, की हे लिंबू आहे. कंडक्टरांनीसुद्धा लिहिलं : सात, ठीक, पण लिंबू. मी एकट्याने अननसाच्या गुदगुल्या लिहिल्या. बाईंनी सहा कागद टेबलावर ओळीने मांडले आणि माझा बाजूला सरकवला. सोमवारी त्यांनी मला एकट्याला बोलावलं आहे. तीन कप ठेवणार, दोनांत एकच चव, तिसऱ्यात दुसरी, त्यातला वेगळा ओळखायचा.

आता सगळं तुझ्यावर आहे. अजून एक वाट दिसते. माझ्या पुड्याचं वेष्टन मी फेकून दिलं. माझे दोन्ही पुडे कदाचित चांगल्या गठ्ठ्यातले असतील आणि खरंच अननसाचेच असतील. तू तर खाल्लं आहेस. ते अननस होतं ना? तसं असेल तर वेष्टनावरचा छापील क्रमांक कळव आणि लिहून दे, मी बाईंपुढे ठेवीन. मग कदाचित कप येणारच नाहीत. आणि लिंबू असेल, तर ताई, तू गुदगुल्या कशाच्या लिहिल्यास?

रागावून विचारत नाही. थोडा रागावलो आहे.

लोभ ठेव.

तुझा,
धाकटा


ता. ११ एप्रिल

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी पुडा उघडला. आज उघडला. उघडल्याबरोबर लिंबाचा वास आला.

‘अननस होतं’ असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला. तुला खोटं लिहून तू तिथे ते खोटं पुढे करणार, आणि उद्या क्रमांकावरून ते पकडलं जाणार, हे माझ्याच्याने होईना.

मला साखर आहे. चार वर्षं झाली. तेव्हा तुझी बायको अंथरुणाला खिळली होती आणि तू दवाखान्याच्या खेपा घालत होतास, त्यात माझं कुठे सांगू? मग ती गेली, आणि तुला सांगायचं राहिलं ते राहिलंच. पहिलं पार्सल आलं तेव्हा कळवायला हवं होतं. पण मग पार्सलं थांबली असती. बाळ, पार्सल यायच्या दिवशी मी इस्त्रीचं लुगडं नेसते. दोन वर्षांत माझ्या दाराची बेल दुसऱ्या कुणी वाजवलेली नाही. तुझे सगळे पुडे मशीनच्या शेजारच्या ट्रंकेत आहेत, रिळांच्या जागी, ओळीने लावलेले. चौदा आहेत. एकही उघडला नव्हता.

आणि शब्द? ते तुझेच आहेत. आई आजारी असताना मी सोळा वर्षांची होते, तिच्या उशाशी बसून असायचे. तू सात वर्षांचा, सगळ्यांच्या वाढदिवसांना जायचास आणि धावत घरी यायचास. दारातच सुरू व्हायचास, की ताई, तिथे काय होतं आणि ते कसं लागलं. कोरी वही तुझी, पाहुणा तुझा, सणावाराच्या कपड्यातलं खोडरबरही तुझंच. गुदगुल्याही. मला बाहेरची गोड चव माहीत झाली ती तुझ्या तोंडून. त्यातलं मी काही विसरले नाही. पुडा हातात घ्यायचे, वरचं नाव वाचायचे आणि तू तेव्हा काय म्हणाला होतास ते आठवून लिहायचे.

तुझी ती चव-खोली माझ्यामुळे गेली तर मला क्षमा कर. आशीर्वाद द्यायला आज हात वर होत नाही, तरी देते.

तुझी,
ताई


ता. १६ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सोमवारी बाईंनी तीन कप ठेवले. मी हात लावला नाही. सगळं सांगितलं, तापापासून ट्रंकेपर्यंत. त्या स्वतः उठून चहा घेऊन आल्या. मग म्हणाल्या, की नियम आहे, आडोशात बसता येणार नाही. मी पांढरा कोट घडी करून दिला. बाकीचे पाच जण जिन्यापर्यंत आले. कंडक्टर म्हणाले, चहाला येत जा. सगळ्यांनी मान डोलावली. ताई, बिनकामाचा माणूस दुसऱ्यांच्या चहाला किती दिवस जाणार? एकदा जाईन. दुसऱ्यांदा दारातून परत येईन.

चार वर्षं साखर आहे आणि मला पत्ता नाही. मी तुला कॅरमल पाठवत होतो.

आता माझंही ऐक. ते खोडरबर मी कधी खाल्लंच नव्हतं. त्या वाढदिवसाला मी उशिरा पोचलो, गोळ्या संपल्या होत्या. मला एकही मिळाली नाही. रडत निघालो होतो. वळणावर आलो तर तू दारात उभी, मी काय सांगतो याची वाट बघत. म्हणून वळणापासून दारापर्यंत जुळवत आलो. अननसाचंही तसंच. पुढे पुढे मला रचायचीच सवय झाली. अर्धे वाढदिवस तर मला बोलावणंच नसायचं, मी कोपऱ्यावर वेळ काढून परत यायचो.

म्हणजे बघ, बाईंना जे शब्द इतके आवडले ते चाखून कोणीच लिहिलेले नाहीत. ना तू, ना मी.

आज सोमवार नाही, तरी सकाळी तयार होऊन बसलो होतो.

लोभ होता तसाच आहे.

तुझा,
धाकटा


ता. २१ एप्रिल

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

मला ठाऊक होतं.

सगळं नाही, पण खोडरबराचं ठाऊक होतं. तुझ्या गालावर रडल्याचे ओघळ होते. जेली खाऊन आलेलं पोर रडत येत नाही. पण तू इतकं छान सांगत होतास आणि आई किती दिवसांनी हसली होती, की मी विचारलंच नाही.

काल डॉक्टरकडे गेले. एक बिस्कीट खाऊ का म्हणून विचारलं. अर्धं खा म्हणाले. घरी येऊन अननसाच्या पुड्यातलं ते लिंबाचं एक काढलं, सुरीने मधोमध कापलं, खुर्चीत नीट बसले आणि अर्धं खाल्लं. तुझ्या कामाला आता उपयोग नाही, तरी पहिल्यांदा खरा अहवाल लिहिते आहे : गोड आहे. थोडं आंबट आहे. बाकी काही कळलं नाही. बराच वेळ बसून राहिले, पण शब्द एक सुचला नाही. एकटीने खाल्लं म्हणून असेल.

उरलेलं अर्धं बशीत ठेवलंय, वर वाटी पालथी घातली आहे. एका दिवसाच्या अंतरावर राहून आपण दोन वर्षं भेटलो नाही, याला काय म्हणावं? आता सोमवारची घाई तुला नाही. रविवारी ये. राहायच्या तयारीने ये, पाहुण्यासारखा नको.

मी दारात उभी असेन. तू ते खा आणि कसं लागतं ते मला सांग. काही लागलं नाही तरी सांग.

वाट बघणारी,
ताई